चार नंबरचा फोटो, नऊ नंबरचा फोटो

दर शुक्रवारी जेवणानंतर अर्धा तास खेळ होणार, असं मॅडमनी जाहीर केलं तेव्हा सगळ्यात आधी प्लास्टरकाकांनी विचारलं, "कुणाला खेळवायचंय?"

प्रश्न रास्त होता. आमच्या वर्कशॉपमध्ये नऊ माणसं आणि एकही मूल नाही. आम्ही कवळ्या बनवतो. दाताचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन पाठवतात. काका त्या ठशात प्लास्टर ओतून जबडा उभा करतात. त्या जबड्यावर मी मेणात एकेक दात लावते. मग मेणाच्या जागी पक्की हिरडी ओतली जाते, पॉलिश होतं, आणि शेवटी मोजपट्टी ती कवळी कॅलिपरने मोजून डबीत घालतो. मोजपट्टी हे त्याचं टोपणनाव. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असतं, पण ते कुणी हाक मारायला वापरत नाही. दिवसभर मान खाली आणि डोळे परक्या माणसाच्या जबड्यात. आमची तोंडं उघडतात ती जेवणाच्या सुट्टीत.

"आपण एकमेकांना नीट ओळखत नाही," मॅडम म्हणाल्या. मुख्य ऑफिसातून नुकत्याच आलेल्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. दातांना तार लावलेली, स्वभाव मात्र मुळात सरळ. "खेळातून ओळख वाढते. टीम होते."

"बावीस वर्षं झाली की हो ओळखून," मी म्हटलं.

"वरवर, ताई. वरवर."

पहिल्या शुक्रवारचा खेळ असा होता : एकाने डोळे मिटून मागे पडायचं, दुसऱ्याने झेलायचं. म्हणे त्याने विश्वास वाढतो. मोजपट्टीने हात वर केला. "झेलणाऱ्याची हनुवटी कुठे असेल?"

"म्हणजे?"

"पडणाऱ्याचं डोकं हनुवटीवर आपटणार. खालचा जबडा वरच्यावर. दोन पटाशीचे दात तरी नक्की जाणार. कामाच्या ठिकाणी शोभेल का?"

कुणीच पडलं नाही. आम्ही नऊ जण एकमेकांकडे पाठ करून अर्धा तास उभे राहिलो. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्ही सीनियर. पुढच्या शुक्रवारचा खेळ तुम्ही घ्यायचा." हातात कागद दिला. प्रत्येकाने आपला लहानपणीचा फोटो बंद पाकिटात आणायचा. फोटो नंबर घालून फळ्यावर लावायचे. कोणता कुणाचा ते बाकीच्यांनी ओळखायचं. बस्स.

तो कागद वाचून माझी दातखीळच बसली.

कारण सांगते. माझा लहानपणीचा फोटो नाही. एकसुद्धा. मी बालगृहात वाढले. तिथे आम्ही अठ्ठावीस मुली होतो आणि फोटो निघायचा तो इमारतीचा, कधी कुणी पंखे किंवा पलंग देणगी दिले तर त्या पंख्यांचा आणि पलंगांचा. हे माझ्या नवऱ्याला माहीत आहे. वर्कशॉपमध्ये कुणाला नाही.

तिथे माझं बालपण वेगळं आहे. बावीस वर्षांपूर्वी मी नवी आले, जेवणाच्या सुट्टीत सगळ्या आपापल्या घरच्या गोष्टी सांगायला लागल्या. माझी पाळी आली तेव्हा तोंडातून निघून गेलं, "आमच्या घरी चौदा पायऱ्यांचा जिना होता." का जिना, का चौदा, देव जाणे. पण एकदा जिना म्हटल्यावर घर आलं, घर आलं की आई-बाबा आले. माझा पुढचा दात कोपऱ्यावर चिरलेला आहे. तो मोडला बालगृहातल्या लोखंडी पलंगावर, पण मी सांगितलं, सातवी पायरी सैल होती, तिच्यावरून पडले. मग एक थोरला भाऊही आला. भावांचं विचारतात फार. म्हणून मी त्याला लगेच घर सोडून जायला लावलं. मी आठ वर्षांची आणि तो सतरा वर्षांचा असताना गेला, परत आलाच नाही. गेलेल्या माणसाबद्दल लोक जपून विचारतात.

एक खोटं बोललं की त्याला दहा टेकू द्यावे लागतात. माझ्या घराला तर आता बावीस वर्षांचे टेकू होते. आणि आता कुणीतरी म्हणत होतं, फोटो दाखव.

"सांगून टाक की," नवरा म्हणाला. "त्यात लाजायचं काय?"

"बालगृहाची लाज नाही. बावीस वर्षांची आहे. त्यांनी माझ्या भावासाठी डोळ्यांतून पाणी काढलंय."

"मग माझा ने. चौथीतला. तेव्हा मिशा नव्हत्या."

"तुमचा खालचा जबडा पुढे आहे. दारातूनच ओळखतील."

"संसाराला सव्वीस वर्षं झाली, हे आज सांगतेस?"

"लग्नाआधीच बघितलं होतं. म्हटलं, चालेल."

शेवटी मीच मार्ग काढला. वर्कशॉपच्या कोपऱ्यावर फोटोफ्रेमचं दुकान आहे. विकायच्या फ्रेममध्ये आधीच कुणाचे तरी फोटो घातलेले असतात, गिऱ्हाइकाला अंदाज यावा म्हणून. हसणारी कुटुंबं, फुलं हुंगणाऱ्या बायका, लहान मुलं. मी मुलांच्या फ्रेम एकेक करून बघितल्या. सगळ्यांचे दात इतके एकसारखे की आमच्याच कपाटातून काढून लावल्यासारखे. एकच मूल निराळं होतं. सातआठ वर्षांचं, केस बारीक, मुलगा की मुलगी कळू नये असं. तोंड भरून हसणारं. एक सुळा पडलेला, आणि पुढच्या डाव्या दाताचा कोपरा चिरलेला. अगदी माझ्यासारखा. मी फ्रेम घेतली, फोटोवाल्याकडे जाऊन तो काळापांढरा करून घेतला, कडा कापल्या, पुस्तकात दाबून ठेवला. दोन दिवसांनी बघितला तर मलाच ओळखीचा वाटायला लागला.

शुक्रवारी पॉलिशवालीने पाकिटं उघडून फोटो फळ्यावर लावले. पॉलिशवाली आमच्यातली सगळ्यात लहान, तोंडाला कुलूप नाही आणि डोळ्यांना धरण नाही. तोवर मी टेबलं सरकवत होते. "अर्धा तास आहे," मॅडम म्हणाल्या. "घाई नको. आठवणी निघू द्या."

चार मिनिटांत उरकलं. आमचे लोक फोटोत चेहरा बघतच नाहीत. "एक नंबर पॉलिशवाली, वरचे दात बाहेर." "दोन नंबर मोजपट्टी. तेव्हाही तोंड मिटलेलंच." "तीन नंबरची दाढ किडलीय बघ, म्हणजे पॅकिंगवाला, अजून तशीच आहे." "चार नंबर ताई! चिरका दात!"

माझा जीव भांड्यात पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "किती गोड होतात हो ताई," पॉलिशवाली म्हणाली, आणि मी लाजले. खरंच लाजले, याचंच मला नवल वाटलं.

"नऊ नंबर राहिले काका," कुणीतरी म्हणालं.

मोजपट्टी नऊ नंबरपाशी गेला. मग चार नंबरपाशी आला. परत नऊपाशी. खिशातून भिंग काढलं, मग कॅलिपर. मोजपट्टीने कॅलिपर काढला की कुणाची तरी कवळी परत येते.

मी पहिल्यांदाच नऊ नंबरकडे नीट बघितलं. फक्त चेहरा गोल कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेला. रंगीत, पण रंग धुतल्यासारखे. सुळा पडलेला. डाव्या दाताचा कोपरा चिरलेला.

आधी वाटलं, माझीच कुणीतरी थट्टा केली. मग वाटलं, दुकानवाल्याने सांगितलं. मग काहीच वाटेना, डोकंच चालेना. मी काकांकडे बघितलं. काका चार नंबरकडे बघत होते आणि त्यांची वरची कवळी खाली आली होती. ती मी बसवलेली कवळी आहे. सहजासहजी खाली येणारी नव्हे.

"जबडा एकच आहे," मोजपट्टी म्हणाला.

"एकच म्हणजे?" मॅडम.

"एकच म्हणजे एकच. तीस वर्षांत मी दोन सारखे जबडे बघितले नाहीत. अंगठ्याचे ठसे एक वेळ सारखे निघतील. पण हा चार नंबर आणि हा नऊ नंबर, फटी त्याच, कमान तीच, सुळ्याची जागा तीच."

"पण एक ताईंचा आहे आणि एक काकांचा," मॅडम म्हणाल्या.

"तेच तर म्हणतोय मी."

दुसरं कुठलंही ऑफिस असतं तर कुणीतरी साधी शंका घेतली असती की फोटोतच काही घोळ आहे. आमच्याकडे माणूस खोटं बोलू शकतो, कागद खोटं बोलू शकतो, जबडा बोलत नाही. त्यामुळे सगळे जबड्यावर ठाम राहिले आणि बाकीचं जग त्याभोवती बसवायला लागले. पॉलिशवालीच्या डोळ्यांत आधी पाणी आलं, मग शब्द.

"ताई! तुमचा भाऊ!"

"कसला भाऊ?"

"घर सोडून गेलेला! जिन्यावाला!"

"अगं, काहीतरीच काय..."

"काकांचं वय किती?" मोजपट्टीने विचारलं.

"सत्तावन्न," काका म्हणाले. आवाज प्लास्टरसारखा कोरडा.

"ताई?"

"अठ्ठेचाळीस."

"नऊ वर्षांचा फरक. ताई आठ, भाऊ सतरा. सतरातून आठ गेले नऊ." त्याने हे अशा सुरात सांगितलं की जणू डबीवर शिक्का मारला.

"पण दात चिरायला काय रक्त लागतं?" मी म्हटलं. "सुळा वारसाने येईल, चीर कशी येईल?"

मोजपट्टीने कॅलिपर खाली केला. मला वाटलं, सुटले.

"पायरी!" पॉलिशवाली ओरडली. "सातवी पायरी सैल होती ना? नऊ वर्षं आधी तेच पडले तिच्यावरून, मग तुम्ही पडलात. दुरुस्तच केली नाही कुणी!"

माझ्याच घरात माझ्याच पायरीवर मला पकडलं होतं.

"काकांचे आताचे दात तर कवळीचे आहेत," मॅडम चाचरत म्हणाल्या.

मोजपट्टीने तेवढ्यात आतल्या फळीवरून काकांच्या जुन्या जबड्याचा साचा आणला, दात काढायच्या आधीचा. पुढचा डावा दात त्यात आधीच पडलेला होता. "पुरावा गेला," तो हळहळला. मग काकांना म्हणाला, "कवळी काढा."

काकांनी आज्ञाधारकपणे कवळी काढून त्याच्या हातावर ठेवली. मोजपट्टीने ती उजेडात धरली. "बघा! डावी पटाशी जरा तिरकी. ताई, तोंड उघडा. बघा, तोच तिरकेपणा! अर्धा मिलिमीटर!"

"अरे शहाण्या, ते दात मीच लावलेत!"

"तेच की. हाताला आपसूक सुचलं. रक्ताची ओढ असते."

मला मात्र चार वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. काकांची कवळी करताना मी त्यांना नेहमीप्रमाणे म्हटलं होतं, जुना एखादा फोटो आणा, म्हणजे तुमच्यासारखे दात लावता येतील. ते म्हणाले होते, "फोटो नाही हो बाई. तुम्हाला शोभतील तसे लावा." मी म्हटलं, शोभायचे तुम्हाला आहेत. पण अगदी सरळ दातांचा माणूस मला खोटा वाटतो, म्हणून एक दात जरासा कलता लावला. तेव्हा पुढे काही विचारलं नाही. माणसाजवळ फोटो का नसतो, हे निदान मला तरी सुचायला हवं होतं.

इकडे सगळे उठून उभे राहिले होते. कुणी काकांच्या पाठीवर थाप मारत होतं, कुणी माझा हात धरत होतं. मॅडमनी डोळे पुसले. "दुसऱ्याच शुक्रवारी!" त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, फार तर थोडी गंमत होईल. मी हे कंपनीच्या मासिकात देणार. दोन्ही फोटो शेजारी शेजारी, वर तुमचा दोघांचा आताचा."

मासिक म्हणजे शंभर हातांत जाणार. त्यातल्या एकाने तरी कोपऱ्यावरच्या दुकानातून फ्रेम घेतलेली असणार. पायांखालची जमीन सरकली म्हणतात, माझी तर सगळी चौदा पायऱ्यांसकट सरकली. म्हटलं, बास. आता नाही सांगितलं तर कधीच नाही. मी टेबलाचा काठ धरला.

"मला काही सांगायचंय," मी म्हटलं. "तो जिना..."

"सातवी पायरी," काका म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. बिनदातांच्या तोंडातून शब्द फुसफुसत येत होते. त्यांनी हात पुढे केला, मोजपट्टीने कवळी परत दिली, त्यांनी ती सावकाश बसवली, आणि पुन्हा म्हणाले, "सातवी पायरी सैल होती. पाय दिला की कुरकुरायची. आई म्हणायची, सुताराला बोलवा. बाबा म्हणायचे, बघू."

आई काय म्हणायची आणि बाबा काय म्हणायचे, हे मी बावीस वर्षांत पाचसहा वेळा तरी सांगितलं असेल. शब्दन् शब्द तोच.

पॉलिशवालीने हुंदका दिला. "मग सोडून का गेलात हो काका?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. अडलेला माणूस बघतो तसं. हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

"सायकलवरून," मी म्हणाले. कुठून आली कोण जाणे. "बाबांची सायकल याच्या हातून हरवली. बाबा फार बोलले."

"फार बोलले," काकांनी मान हलवली.

"मी याच्या पाठोपाठ दारापर्यंत गेले होते," मी म्हटलं, आणि माझा आवाज चिरकला. तो मी मुद्दाम चिरकवला नव्हता. "हा मागे वळूनसुद्धा बघेना."

"बघितलं होतं मी," काका म्हणाले. "तुला दिसलं नसेल."

नंतर सगळ्यांसाठी चहा आला. मॅडम फोटो काढायला पुढे झाल्या तेव्हा काकांनी हात आडवा धरला. "घरातली गोष्ट आहे, मॅडम. छापायची नाही." असं म्हणून त्यांनी फळ्यावरचे दोन्ही फोटो काढून खिशात घातले. मॅडम ओशाळून म्हणाल्या, "खरंच, माझं चुकलंच."

चहा झाल्यावर मी मागच्या प्लास्टरच्या खोलीत गेले. काका वाडग्यात प्लास्टर कालवत होते. दार लोटून घेतलं.

"कुठून घेतलात?" मी विचारलं.

"कोपऱ्यावरून. तुम्ही?"

"तिथूनच."

"बाकीच्या पोरांचे दात..."

"दुकानातले वाटत होते," मी म्हटलं.

त्यांनी ठशात प्लास्टर ओतलं, ठसा टेबलावर टकटक आपटून बुडबुडे काढले. "मी मामाकडे वाढलो," ते म्हणाले. "वर्षातून एकदा फोटोवाला यायचा. घरातली सगळी पोरं ओळीत उभी राहायची. मामी म्हणायची, तू बाहेर जाऊन त्याची सायकल धर, पडेल. तशी मी दरवर्षी सायकल धरली." ठसा बाजूला ठेवून म्हणाले, "तुम्हाला सायकल कशी सुचली?"

"माहीत नाही."

"मला वाटलं, तुम्हाला कुणी सांगितलं."

"कोण सांगणार? तुम्हीच बावीस वर्षांत सांगितलं नाहीत." मग मी माझं सांगितलं. बालगृह, अठ्ठावीस मुली, लोखंडी पलंग. त्यांना जराही धक्का बसला नाही, याचा मला राग आला.

"माहीत होतं?"

"जिना खोटा आहे एवढं माहीत होतं. तुमची पायरी कधी सातवी असायची, कधी आठवी. खरी पायरी अशी हलत नाही. प्लास्टर सेट होईपर्यंत मला काम नसतं हो, मी ऐकत बसायचो." ते हसले. मी लावलेला तिरका दात दिसला. "घर मात्र चांगलं होतं. मला आवडायचं."

"आता काय करायचं?" मी विचारलं. "सोमवारी सगळ्यांना खरं सांगायचं का?"

"काय सांगणार?"

"की तुम्ही माझे भाऊ नाही."

बावीस वर्षं नसलेला माणूस, मीच घराबाहेर काढलेला, आणि आता तो नाही म्हणायला जीभ रेटेना. काकांनी प्लास्टरला बोट लावून बघितलं. अजून ओलं होतं.

"सोमवारी बघू," ते म्हणाले. अगदी बाबांसारखं.

घरी नवऱ्याने विचारलं, "पकडली गेलीस?"

"नाही. भाऊ सापडला."

"कोणता?"

"तो सायकल हरवलेला."

"कुणाची सायकल?" मी सगळं सांगितलं. त्याने दोनदा ऐकलं, शेवटी म्हणाला, "म्हणजे मला मेव्हणा आहे की नाही, एवढंच सांग." मला तेवढंही सांगता आलं नाही.

सोमवारी मी ठरवून गेले होते. रात्रभर वाक्यं जुळवली होती. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले, मी घसा साफ केला, आणि पॉलिशवालीने आधीच तोंड उघडलं.

"काका, तुम्ही सांगा ना जिन्याचं. ताईंचं ऐकून ऐकून पाठ झालंय. किती पायऱ्या होत्या?"

"चौदा," मी म्हणाले.

"तेरा," त्याच क्षणी काका म्हणाले.

घास हातात राहिले. मोजपट्टीने हळूच डबा बाजूला केला आणि खिशातून पेन्सिल काढली. "चौदा की तेरा?"

माझ्या तयार वाक्यातला पहिला शब्द ओठांवर आला होता. काकांनी वर न बघता सावकाश घास चावला, माझ्याच लावलेल्या दातांनी, आणि गिळून झाल्यावर म्हणाले, "ही चौदा म्हणते. मी ती सैल पायरी धरत नाही. तिने माझ्या बहिणीचा दात मोडला."

मोजपट्टीने मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. माझं वाक्य कुठे गेलं ते मला कळलं नाही. मी डब्यातलं अर्धं त्यांच्या झाकणावर वाढलं.

"खा, दादा," मी म्हटलं. "आणि उजव्या बाजूने चाव. डावीकडे मला अजून थोडं घासायचंय."